बॅप्टिस्ट पाळक होण्याआधी: विश्वास, इतिहास आणि मंडळीचा कारभार एकत्र कसा अभ्यासावा

पाळकीय सेवेची तयारी करणारे बहुतेक उमेदवार तीन वह्या घालतात. एक सिद्धांतांची, एक इतिहासाची आणि एक मंडळीच्या कारभाराची. कारभाराची वही सहसा सर्वांत पातळ असते, कारण तो भाग "नंतर अनुभवाने येईल" असे वाटते. दीक्षेआधी शेजारच्या मंडळ्यांचे पाळक व प्रतिनिधी उमेदवाराची चौकशी करतात, त्या तपासणी मंडळापुढे ही मांडणी लगेच उघडी पडते. "तुम्ही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा का देत नाही?" याचे उत्तर पाठ असते. "मग बाप्तिस्मा न घेतलेल्या पण दर रविवारी येणाऱ्या माणसाला सभेत मत का नाही?" असे विचारले की उमेदवार चाचपडतो. खरे तर दोन्ही प्रश्न एकच आहेत: मंडळी म्हणजे कोण?

बॅप्टिस्ट उत्तर असे: ज्यांनी स्वतः विश्वास ठेवला, त्या विश्वासावर बाप्तिस्मा घेतला आणि एकमेकांशी करार करून एका ठिकाणी एकत्र आले, ते. बाप्तिस्मा कोणाला, मत कोणाला, शिस्त कोणी लावायची, सरकारचा हात कुठे थांबतो, हे सगळे या एका उत्तरातून निघते. म्हणून वही एकच ठेवा आणि पहिल्या पानावर हा प्रश्न लिहा. मनापासून अभ्यास केला तर सहा महिने पुरतात: विश्वासनाम्यांना दोन, इतिहासाला दीड, कारभाराला दीड आणि शेवटचा एक महिना लेखी निवेदन व सराव चौकशीसाठी.

विश्वासनामे: सारखेपणा नव्हे, फरक शोधा

चार दस्तऐवज घ्या: १६४४ चा लंडनचा विश्वासनामा, १६७७ मध्ये लिहिलेला पण १६८९ च्या नावाने ओळखला जाणारा दुसरा लंडन विश्वासनामा, १८३३ चा न्यू हॅम्पशायर विश्वासनामा, आणि अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे २००० सालचे विश्वासनिवेदन. जनरल बॅप्टिस्टांची, म्हणजे ख्रिस्त सर्वांसाठी मेला असे मानणाऱ्यांची, बाजू सुटू नये म्हणून १६६० चा छोटा विश्वासनामाही जोडीला ठेवा. पहिल्या चारांचे चार रकाने आखा आणि फक्त पाच विषय उतरवा: पवित्र शास्त्र, निवड व प्रायश्चित्त (देव तारणासाठी कोणाला निवडतो आणि ख्रिस्त कोणासाठी मेला), मंडळी, बाप्तिस्मा व प्रभुभोजन, आणि राजसत्ता.

१६८९ चा विश्वासनामा वाचताना नवखे लोक ३२ प्रकरणांना सारखा वेळ देतात. ते टाळा. त्याचा मोठा भाग प्रेस्बिटेरियनांच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यातून, काँग्रिगेशनलांच्या १६५८ च्या सव्हॉय जाहीरनाम्यामार्गे, जवळपास जसाच्या तसा आला आहे. राज्यमान्य चर्चबाहेरच्या सर्वांचाच छळ चालू असताना प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल बांधवांशी आपले किती जुळते हे बॅप्टिस्टांना दाखवायचे होते. म्हणून बॅप्टिस्ट माणूस नेमका दिसतो तो जिथे शब्द बदलले तिथे. प्रकरण २६ (मंडळी), २८ ते ३० (बाप्तिस्मा व प्रभुभोजन) आणि २१ (विवेकाचे स्वातंत्र्य) तीन-तीन वेळा वाचा. प्रकरण २६ मधले परिच्छेद ७, ८, ९ आणि १५ तर तोंडपाठच असावेत. सातव्यात प्रत्येक स्थानिक मंडळीला ख्रिस्ताने थेट अधिकार दिल्याचे सांगितले आहे. आठव्यात दोनच पदे आहेत, अध्यक्ष किंवा वडील (म्हणजे पाळक), आणि सेवक (म्हणजे डीकन). नवव्यानुसार पाळकाची निवड मंडळीच्या मताने होते, आणि उपास, प्रार्थना व हस्तार्पण करून त्याला वेगळे केले जाते. पंधराव्यात अनेक मंडळ्यांचे प्रतिनिधी जमून सल्ला देऊ शकतात, पण मंडळीवर सत्ता चालवू शकत नाहीत, अशी स्पष्ट रेघ आहे. संघ (अनेक मंडळ्यांची संघटना) आणि मंडळी यांच्यातला प्रत्येक वाद आजही या रेघेवर येऊन ठेपतो.

न्यू हॅम्पशायरचा विश्वासनामा आटोपशीर आहे आणि निवडीच्या सिद्धांतावर त्याची भाषा सौम्य आहे. त्यात मंडळीची व्याख्या करताना फक्त दृश्य, स्थानिक मंडळीचा उल्लेख येतो. सर्व काळातल्या सर्व विश्वासणाऱ्यांची सार्वत्रिक मंडळी तिथे नाही, १६८९ मध्ये ती आहे. हा फरक रकान्यात उतरवला नाही तर एकोणिसाव्या शतकातली लँडमार्क चळवळ पुढे कळणार नाही. बॅप्टिस्ट मंडळी हीच खरी मंडळी, बाकीच्यांचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, असे त्या चळवळीचे म्हणणे होते.

२००० च्या निवेदनात पाळकाचे पद पुरुषांपुरते मर्यादित केले आहे. ब्रिटनच्या बॅप्टिस्ट युनियनमध्ये स्त्रिया पाळक आहेत. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, "सगळे बॅप्टिस्ट असे मानतात" हे वाक्य या विषयावर वापरू नका. ते खोटे ठरते.

"आमचा विश्वासनामा नाही, आमचे फक्त बायबल" असे अभिमानाने सांगणारे अनेक भेटतात. वाक्य ऐकायला गोड आहे. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून बॅप्टिस्ट सतत विश्वासनामे लिहीत आले आहेत. कोणी राजा किंवा धर्मपीठ तो नामा लादू शकत नाही आणि पवित्र शास्त्रासमोर तो दुरुस्त होऊ शकतो, एवढेच त्यांचे वेगळेपण. तपासणीत हे दोन्ही भाग सांगा.

बाप्तिस्म्याचा युक्तिवाद: कुठे घसरतो

सर्वांत जास्त वेळ इथे घालवा, कारण सर्वांत जास्त प्रश्न इथेच येतात. नेहमीची चूक म्हणजे कूशी अधिकाऱ्याच्या कथेतील प्रेषितांची कृत्ये ८:३७ वर सगळी इमारत उभी करणे. विश्वास असेल तर बाप्तिस्मा घेता येईल, असे ते वचन सांगते, म्हणून ते अगदी सोयीचे वाटते. पण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वचन नाही आणि अनेक आवृत्त्या ते कंसात किंवा तळटिपेत देतात. तपासणी मंडळातल्या एखाद्या वृद्ध पाळकाला हे नक्की माहीत असते. पाया २:४१ आणि ८:१२ वर घाला: आधी संदेश स्वीकारला, विश्वास ठेवला, मग बाप्तिस्मा.

दुसरा प्रश्न घराण्यांच्या बाप्तिस्म्यांचा: अख्ख्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, तर त्यात बाळेही नव्हती का? इथे प्रत्येक घराणे वेगळे हाताळा. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाबद्दल प्रेषितांची कृत्ये १६:३२-३४ मध्ये घरातल्या सर्वांना वचन सांगितल्याचे आणि घरादाराने आनंद केल्याचे आहे. क्रिस्पाने १८:८ मध्ये सगळ्या घराण्यासह विश्वास ठेवला. स्तेफनाच्या घराण्याचा बाप्तिस्मा १ करिंथ १:१६ मध्ये आहे, आणि त्याच पत्राच्या १६:१५ मध्ये ते घराणे सेवेला वाहून घेतलेले दिसते. लुदियाच्या घराण्याबद्दल मात्र मजकूर गप्प आहे. तिथे "बाळे नव्हतीच" असे छातीठोक सांगू नका. मजकूर सांगत नाही, म्हणून त्यावर कोणताच नियम उभा राहत नाही, एवढेच म्हणा. प्रामाणिक उत्तराला परीक्षक मान देतात.

तिसरा आणि खरा अवघड मुद्दा सुंतेचा. बालबाप्तिस्मा मानणारे अभ्यासू लोक एकेका वचनावर भांडत नाहीत. जुन्या करारात मुलांना चिन्ह मिळत होते, मग नव्या करारात का नाही, असे ते विचारतात. कलस्सै २:११-१२ हे त्यांचे आवडते स्थळ. त्याच १२ व्या वचनात विश्वासाचा उल्लेख आहे हे दाखवा, आणि यिर्मया ३१:३१-३४ व इब्री ८ वापरून नव्या कराराचे लोक कोण हे मांडा: त्यांच्यातला प्रत्येक जण परमेश्वराला ओळखतो. इथे तुम्ही पुन्हा पहिल्या पानावरच्या प्रश्नाशी येता. कराराचे सभासदच वेगळे आहेत, म्हणून चिन्ह कोणाला द्यायचे हेही वेगळे आहे.

पद्धतीबद्दल रोम ६:३-४ आणि मूळ ग्रीक शब्दाचा बुडवणे हा अर्थ पुरे. योहान ३:२३ मधल्या "पुष्कळ पाणी" वर फार जोर देऊ नका, ते पूरक आहे.

प्रभुभोजनाबाबत "आम्ही फक्त स्मरण मानतो" हे उत्तर अर्धवट आहे. १६८९ च्या प्रकरण ३० नुसार योग्य रीतीने भाग घेणारा विश्वासाने, आत्मिक रीतीने, वधस्तंभी दिलेल्या ख्रिस्तावर पोसला जातो. तुमची भूमिका निव्वळ स्मरणाची असेल तर असू द्या, पण ती सर्वांची नाही हे ठाऊक असल्याचे दिसू द्या. मेजाला कोणाला बोलवायचे, यावरही तीन प्रथा आहेत: सर्व विश्वासणाऱ्यांना, विश्वासाने बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांना, किंवा फक्त त्याच मंडळीच्या सभासदांना. बेडफर्डचा जॉन बनयन पहिल्या बाजूचा होता आणि १६४४ च्या विश्वासनाम्यावर सही करणाऱ्या विल्यम किफिनने त्याच्याशी उघड वाद घातला. म्हणजे हा झगडा आजचा नाही. मंडळीची घटना काय म्हणते ते पाहूनच तुमची प्रथा जाहीर करा.

इतिहास: थोड्या खुंट्या, पण पक्क्या

सनावळ्या पाठ करण्यात अर्थ नाही. प्रत्येक खुंटीला "यातून आजची कोणती प्रथा आली?" हा प्रश्न अडकवा.

१६०९, ॲमस्टरडॅम. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या जॉन स्मिथने स्वतःला आणि मग टॉमस हेल्विस व इतरांना बाप्तिस्मा दिला. तो पाणी ओतून दिला होता, बुडवून नव्हे. हे ऐकून अनेक उमेदवार चकित होतात, पण आधी विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा आला आणि बुडवणे तीसएक वर्षांनी आले, असाच क्रम आहे. पुढे स्मिथला स्वतःच्या कृतीबद्दल शंका आली आणि तो मेनोनाइट लोकांकडे, म्हणजे ॲनाबॅप्टिस्टांच्या एका गटाकडे, वळला. हेल्विस व मोजके सोबती वेगळे झाले, मायदेशी परतले आणि १६१२ च्या सुमारास लंडनजवळ स्पिटलफील्ड्स येथे इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. त्याच साली छापलेल्या पुस्तकात हेल्विसने लिहिले की राजा माणूस आहे, प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता नाही. पाखंडी असोत, मुसलमान असोत वा यहुदी, त्यांना शासन करणे राजाचे काम नाही, असेही त्याने त्यात म्हटले. तो न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि १६१६ च्या सुमारास वारला. धर्मस्वातंत्र्याची मागणी बॅप्टिस्टांनी फक्त स्वतःसाठी केली नव्हती, हे सांगायला ही खुंटी हवी.

ही मंडळी ख्रिस्त सर्वांसाठी मेला असे मानणारी, म्हणून तिला जनरल बॅप्टिस्ट म्हणतात. निवडलेल्यांसाठीच मेला असे मानणारे पर्टिक्युलर बॅप्टिस्ट १६३० च्या दशकात लंडनमधल्या एका वेगळ्या मंडळीतून निघाले. दोन मुळे, एक झाड नव्हे. बुडवण्याची पद्धत या दुसऱ्या गटाने १६४१-४२ च्या सुमारास पक्की केली आणि १६४४ मध्ये लंडनच्या सात मंडळ्यांनी ती विश्वासनाम्यात लिहिली. बाप्तिस्मा देणारा व घेणारा दोघेही नीट वस्त्रांत असावेत, अशी टीपही त्यात समासात आहे. विरोधक लोकांना नग्न बाप्तिस्म्याच्या कंड्या सांगत होते, त्याला दिलेले ते उत्तर होते. सात स्वतंत्र मंडळ्या, एक संयुक्त दस्तऐवज: स्वायत्तता आणि सहकार्य पहिल्या दिवसापासून जोडीने चालत आले.

अमेरिकेत रॉजर विल्यम्स आणि प्रॉव्हिडन्सची मंडळी (१६३८-३९), मग १७०७ चा फिलाडेल्फिया संघ. संघ म्हणजे काय, त्याला काय करता येते आणि काय नाही, याची घडण या संघात झाली. १ जानेवारी १८०२ रोजी अध्यक्ष जेफरसनने धर्मसंस्था व राज्य यांच्यातल्या भिंतीबद्दल जे पत्र लिहिले, ते कनेक्टिकटमधल्या डॅनबरी बॅप्टिस्ट संघाला दिलेले उत्तर होते.

सुवार्ताप्रसाराची खुंटी १७९२ ची. अँड्र्यू फुलरने आधी पाप्यांना विश्वासाचे आवाहन करणे योग्य आहे हे कॅल्विनवादी चौकटीतच (देवच तारणासाठी माणसे निवडतो, असे मानून) मांडले, आणि त्या जमिनीवर विल्यम केरीची मिशनरी सोसायटी केटरिंग येथे उभी राहिली. केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. पण केरीला "पहिला बॅप्टिस्ट मिशनरी" म्हणताना जीभ आवरा. गुलामगिरीतून सुटलेला जॉर्ज लील त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी जमैकात सुवार्ता सांगत होता.

१८४५ टाळू नका. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही यावर अमेरिकेतले बॅप्टिस्ट फुटले आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्मले. त्या संस्थेने १९९५ मध्ये याबद्दल जाहीर क्षमा मागितली. विवेकस्वातंत्र्याचा वारसा सांगणारे लोक माणसे विकत कसे घेत होते, हा प्रश्न परीक्षक विचारोत न विचारोत, मंडळीतला एखादा तरुण विचारणारच. त्यानंतर १९०५ ला लंडनमध्ये स्थापन झालेली बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स ध्यानात ठेवा आणि पुढे चला.

एक सापळा मात्र सांगितला पाहिजे. योहान बाप्तिस्मा करणाऱ्यापासून मोंटानवादी, डोनाटवादी, अल्बिजेन्सी अशा जुन्या पंथांची अखंड साखळी जोडून "आम्ही प्रोटेस्टंट नाहीच" असे सांगणारी पुस्तिका अनेकांच्या हातात पडते. ती साखळी इतिहासात टिकत नाही. अल्बिजेन्सी लोकांची देवाविषयीची द्वैती (चांगली व वाईट अशा दोन मूळ शक्ती मानणारी) शिकवण पाहिली तरी त्यांना पूर्वज मानायला कोणी बॅप्टिस्ट धजणार नाही. ॲनाबॅप्टिस्ट (युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळातले, बालबाप्तिस्मा नाकारणारे गट) आणि बॅप्टिस्ट यांनाही एकच समजू नका. संबंध किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण हेल्विसने शपथ व राजसत्तेचे पद या बाबतींत मेनोनाइटांशी फारकत घेतली होती, हे स्पष्ट आहे.

कारभार: इथे पाळक टिकतात किंवा मोडतात

आधी वचने. मत्तय १८:१५-१७ मध्ये शेवटचा शब्द मंडळीचा आहे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये समुदायाने सात जण निवडले. १ करिंथ ५ मध्ये पौल एकट्या पुढाऱ्याला नव्हे, जमलेल्या मंडळीला कृती करायला सांगतो, आणि २ करिंथ २:६ मध्ये ती शिक्षा "बहुतेकांनी" केलेली आहे. दुसऱ्या पारड्यात इब्री १३:१७ आणि १ पेत्र ५:१-४. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, पण पुढाऱ्याने धनीपण गाजवू नये. पद एकच, नावे तीन हे दाखवायला प्रेषितांची कृत्ये २० पुरते: १७ व्या वचनात "वडील" बोलावले, २८ व्यात त्यांनाच "अध्यक्ष" म्हटले आणि कळपाचे पालन त्यांच्याकडे दिले.

यातून व्यवहारात चार नमुने दिसतात. एक पाळक व काही सेवक, म्हणजे डीकन. एक पाळक, आणि सेवकांचेच कारभारी मंडळ बनलेले. अनेक वडील, पण अंतिम मत मंडळीचे. आणि समित्यांचा पसारा. दुसरा नमुना सर्वत्र आहे आणि सर्वांत जास्त तोच बिघडतो. विधवा, गरीब, आजारी आणि मेज यांची सेवा करायला निवडलेली माणसे पाळकाचा वरिष्ठ बनतात आणि मूळ सेवा कोणीच करत नाही. अशा मंडळीत गेलात तर पहिल्या वर्षी घटना बदलायला जाऊ नका. प्रत्येक सेवकाला सात-आठ कुटुंबे वाटून द्या आणि मासिक बैठकीचा पहिला अर्धा तास त्या कुटुंबांसाठीच ठेवा. पद आपोआप मूळ कामाकडे सरकते.

आता सभासद नोंदवही. सगळा कारभार हिच्यावर उभा आहे. तीन वाटांनी नाव येते: विश्वासाची कबुली व बाप्तिस्मा, दुसऱ्या मंडळीचे पत्र, किंवा पूर्वी झालेल्या बाप्तिस्म्याबद्दलची तोंडी साक्ष. चार वाटांनी जाते: मृत्यू, पत्र देऊन पाठवणी, स्वतःची विनंती, शिस्त. नोंदवहीत २०० नावे आणि रविवारी ६० माणसे, ही नेहमीची स्थिती. यातून दोन संकटे येतात. गणपूर्ती एक-तृतीयांश असेल तर ६७ हवेत, म्हणून सभाच वैध होत नाही. आणि भांडण पेटले की वर्षानुवर्षे न दिसलेले ४० जण मतदानाला हजर होतात. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: दरवर्षी एक महिना ठरवून यादी तपासा, न दिसणाऱ्या प्रत्येकाला भेटा किंवा तीनदा लिहा, उत्तर नसेल तर ठराव करून नाव निष्क्रिय यादीत टाका आणि त्यांचे मत थांबवा. हे घटनेत आधी लिहिलेले हवे. भांडणाच्या मध्यात केले तर ती गटबाजी ठरते.

घटनेत आकडे नेमके असावेत. चालतील असे हे:
- साधारण सभेची सूचना सलग दोन रविवार, तोंडी आणि लेखी. पाळकाचे पाचारण (म्हणजे सेवेला बोलावणे), बडतर्फी, जमीन-इमारत किंवा घटनादुरुस्तीसाठी किमान चार आठवडे.
- गणपूर्ती सक्रिय सभासदांच्या एक-तृतीयांश.
- नेहमीचे ठराव साध्या बहुमताने, घटनादुरुस्ती दोन-तृतीयांशाने, पाळकाचे पाचारण तीन-चतुर्थांशाने व गुप्त मतदानाने.
- मतदानाचे वय. दहा वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला असेल तर तो सभासद आहेच, पण मालमत्तेच्या ठरावावर त्याचे मत कायद्यात टिकेल का, हे आधी ठरवा.

५१ टक्क्यांनी बोलावलेला पाळक पहिल्याच दिवशी अर्ध्या मंडळीच्या मनाविरुद्ध उभा असतो. म्हणून तीन-चतुर्थांश. प्रतिनिधीमार्फत मत बहुतेक बॅप्टिस्ट मंडळ्या मान्य करत नाहीत, कारण सभा एकत्र बसून ख्रिस्ताचे मन शोधते, घरी बसून ठरवलेले आकडे मोजत नाही.

सभेचा अध्यक्ष सहसा पाळक असतो. पण त्याचे मानधन, रजा किंवा बडतर्फी विषयपत्रिकेवर असेल तर त्याने खुर्ची सोडावी आणि सेवकांपैकी एकाने किंवा शेजारच्या मंडळीच्या पाळकाने ती घ्यावी. इतिवृत्तात तारीख, हजर सभासदांची संख्या, ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक, मते आणि निर्णय एवढेच हवे. भाषणे नको. पुढच्या सभेत वाचून, दुरुस्त करून सही.

पैशांबाबत एकच सूत्र: मोजणारा, भरणारा आणि खर्च मंजूर करणारा वेगळा. दान उपासनेनंतर लगेच, इमारतीतच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावे आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या असाव्यात. पाळकाने मोजू नये आणि कोण किती देतो हेही शक्यतो पाहू नये. धनादेशावर दोन सह्या, वर्षाला बाहेरच्या माणसाकडून तपासणी, दर महिन्याला सभासदांना एका पानाचा हिशेब. इमारत निधीचे पैसे "तात्पुरते" पगाराकडे वळवणे ही घसरणीची पहिली पायरी असते.

शिस्तीचा प्रसंग आला तर मत्तय १८ च्या पायऱ्या गाळू नका आणि प्रत्येक पायरीला आठवडे द्या, तास नव्हे. मतभेद आणि पाप वेगळे ओळखा. पाळकाच्या निर्णयाला विरोध करणे हे पाप नाही. इतिवृत्तात पापाचा तपशील लिहू नका, "सभासदत्व थांबवले" एवढे पुरे. २ करिंथ २:७-८ प्रमाणे परत घेण्याची वाट पहिल्याच पत्रात सांगा. मात्र मुलांवरील अत्याचार, मारहाण किंवा आर्थिक फसवणूक असेल तर मत्तय १८ ही पोलिसांच्या आधीची पायरी नाही. आधी पीडिताची सुरक्षितता आणि कायद्याप्रमाणे तक्रार, मग मंडळीची शिस्त.

संघाशी नाते १६८९ च्या पंधराव्या परिच्छेदानुसार ठेवा. संघ सल्ला देऊ शकतो, सहभागिता थांबवू शकतो, मदतनिधी रोखू शकतो. तो तुमचा पाळक काढू किंवा नेमू शकत नाही. इमारत संघाच्या नावावर असेल तर हे समीकरण कागदावरच राहते. म्हणून पाचारण स्वीकारण्याआधी मालकीचा कागद पाहा. त्याच वेळी मागील तीन वर्षांची इतिवृत्ते, हिशेब, घटना आणि नोंदवहीतली संख्या मागा. पाचारणपत्रात मानधन, निवास, रजा, वैद्यकीय खर्च आणि दोन्ही बाजूंची सूचनामुदत लेखी हवी. संकोचाने न विचारलेली गोष्टच नंतर कटुतेचे कारण होते.

तपासणी मंडळापुढे

क्रम साधारण असा. आधी मंडळी प्रवचनाचा परवाना देते. वर्षभर तुमची सेवा पाहून दीक्षेचा ठराव करते आणि शेजारच्या मंडळ्यांच्या पाळकांना व प्रतिनिधींना तपासणीला बोलावते. तुम्ही लेखी निवेदन वाचता, प्रश्न होतात, तुम्हाला बाहेर पाठवून मंडळ मत घेते. हे मत शिफारस असते. दीक्षा मंडळी देते, संघ नाही. याच मुद्द्यावर प्रश्न आला आणि उत्तर चुकले तर कारभाराचा सगळा अभ्यास वाया गेला असे समजा.

निवेदन दहा ते बारा पानांचे ठेवा, चाळीस मिनिटांत वाचून संपेल असे. परिवर्तनाला एक पान, पाचारणाला एक, सिद्धांतांना सहा-सात, कारभार व नैतिक भूमिकेला उरलेली. परिवर्तनाची कथा चार पाने वाढते आणि मंडळीवर एकच परिच्छेद उरतो, ही सर्वांत नेहमीची चूक. प्रत्येक विधानाला दोनच वचने द्या. दहा वचनांची रांग लावली की परीक्षक सर्वांत कमकुवत वचन निवडून तिथेच घुसतो. दुसऱ्याच्या निवेदनातली वाक्ये उचलू नका. पहिल्याच उपप्रश्नाला ते कळते.

सराव चौकशी दोनदा घ्या, त्यातली एक बालबाप्तिस्मा मानणाऱ्या जाणकार मित्रासमोर. हे प्रश्न हमखास ठेवा: बालपणी पाणी शिंपडलेला, आज खरा विश्वासणारा असलेला माणूस सभासदत्व मागतो, काय कराल? आठ वर्षांची मुलगी बाप्तिस्मा मागते, कसे ओळखाल? सेवकांनी एकमताने ठरवलेले मंडळीने सभेत फेटाळले, मग? तारण गमावता येते का, आणि तुमच्याशी असहमत सेवक चालेल का? उत्तर येत नसेल तर "यावर माझे मत अजून ठरलेले नाही, अभ्यास असा चालू आहे" असे म्हणा. हे एक-दोनदा चालते. त्रिएकत्व किंवा तारणावर चालत नाही.

पाण्यात उतरण्याचा दिवस

हा भाग कोणी शिकवत नाही, म्हणून थोडक्यात. उमेदवाराला आधी किमान दोनदा भेटा, एकदा एकट्याने. साक्ष त्याच्या शब्दांत ऐका, मग मंडळीपुढे नाव ठेवा. पाणी कमरेच्या थोडे वर, म्हणजे प्रौढासाठी साधारण एक मीटर. त्याहून कमी असेल तर उचलताना तुमची पाठ भरते. गडद व जाड कपडा, खालच्या काठाला वजन, नाहीतर तो पाण्यावर तरंगतो. नदी किंवा तळे असेल तर आदल्या दिवशी तळ पायाने तपासा आणि पाण्यात दुसरा माणूस सोबत ठेवा. विजेच्या तारेला जोडलेला मायक्रोफोन पाण्यात उभे राहून हातात घेऊ नका, विजेच्या धक्क्याने यात पाळकांचे जीव गेले आहेत.

उमेदवाराने हात छातीशी घ्यावेत. तुमचा एक हात त्याच्या हातांवर, दुसरा खांद्यांमागे. त्याला गुडघे वाकवायला सांगा. ताठ राहिला तर पाय वर येतात आणि दोघेही घसरता. पूर्ण बुडाला की लगेच वर. हे कोरड्या जमिनीवर एकदा करून घ्या. त्याच दिवशी तारीख, ठिकाण आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहा. पुढच्या सभेत त्याचे नाव वाचले जाईल आणि तेव्हापासून त्यालाही मत असेल.